कुलपाने आत घेतलेली बाई

१

रिकाम्या घरातून रेडिओचा आवाज येतो आहे, हे पहिल्यांदा चावीवाल्या काकांच्या लक्षात आले. शेजारचा असेल, म्हणून त्यांनी सोडून दिले. त्यांच्या मागे नवे भाडेकरू उभे होते, चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. त्यांच्याही मागे रस्त्यावर सामानाने ठासून भरलेली गाडी होती आणि हमालांनी एव्हाना कपाट अर्धे बाहेर ओढलेसुद्धा होते.

दाराला नव्या पद्धतीचे कुलूप होते. किल्ली नाही, नुसती आकड्यांची बटणे. काकांनी घरे भाड्याने देणाऱ्या आपल्या कचेरीतून मिळालेला आकडा पुटपुटत, एकेक बटण दाबत भरला. कुलूप शहाण्यासारखे उघडले. दार मात्र हलले नाही. आतून कडी होती.

काका कडीकडे, म्हणजे ती असावी त्या जागेकडे, बघत राहिले. तेवढ्यात कडी निघाली आणि दारात एक बाई उभी राहिली. अंगावर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्यांचा गणवेश, केस ओले, हातात कंगवा. तिच्या मागे खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते आणि आवाज कमी करावा की नाही या विचारात दिसत होते.

“कोण हवंय?” बाईने विचारले.

“आम्ही राहायला आलोय,” चष्मेवाले म्हणाले. “हे घर आमचं आहे.”

“असं कसं? ते तर काल संध्याकाळपासून माझं आहे.”

आणि तिने फोन पुढे धरला. त्यावर कचेरीचाच निरोप होता. अभिनंदन, घर आपले झाले आहे, कुलपाचा आकडा अमुक अमुक.

हे सगळे आत्याला कळले ते डोळ्यांत औषध घालून पडलेली असताना. डॉक्टरांनी डोळे मिटून निवांत पडायला सांगितले होते आणि त्या निवांतपणात फोन थांबायला तयार नव्हता. आधी तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे कचेरीच्या मालकाचा, आला. सूनबाईने एकच घर दोघांना दिले आणि माझे नाक कापले, असे त्याचे म्हणणे. मग भाच्याचा. त्याचे म्हणणे एवढेच, की आत्या, तू ये. आत्याने आयुष्यभर विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले होते. जळालेली दुकाने आणि बुडालेली जहाजे पाहिली होती, त्यातली बरीचशी न जळलेली आणि न बुडालेली. निवृत्त झाल्यावर तरी कुणी खोटे बोलले तर ते आपल्याला कळू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तिसरा फोन सूनबाईचा. ती हळू आवाजात बोलत होती.

“आत्या, दादा म्हणतायत, संध्याकाळपर्यंत सिद्ध कर की यात तुझा हात नाही. नाहीतर वेबसाइट बंद, आणि तूही उद्यापासून कचेरीत पाऊल टाकायचं नाहीस.”

“मग कर की सिद्ध. तुझा हात नाहीये ना?”

सूनबाईने आवाज आणखी खाली आणला.

“मी मशीनवर बघितलं, आत्या. ते घर माझ्याच नावानं दिलं गेलंय.”

२

कचेरी म्हणजे दोन दुकानांच्या मधे सापडलेली एक लांबट खोली. एका भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. पूर्वी त्यांवर घरोघरच्या किल्ल्या लटकत असत, आता नुसते खिळे उरले होते. दुसऱ्या भिंतीशी संगणक होता आणि त्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आत शिरायचा परवलीचा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला होता.

“हे काय?” आत्याने विचारले.

सूनबाईने सांगितले, की तिने प्रत्येकाला वेगळा शब्द दिला होता, पण दादा म्हणाले एका घरात इतके शब्द कशाला, तुझा आहे तोच सगळ्यांना पुरे. त्यामुळे मशीनवर जो कुणी काही करी, ते सूनबाईने केले असे उमटत असे. आत्याने कपाळाला हात लावला. घराला आकड्यांचे कुलूप आणि सगळ्या कुलपांची चावी उघड्या चिठ्ठीवर, असले दावे तिने कंपनीत असताना वाचायच्या आधीच फेटाळले असते.

तिचा भाऊ वयाने तिच्याहून लहान, पण सगळे जग त्याला दादा म्हणे. लहानपणापासून त्याने तसे वळणच लावले होते. तो टेबलामागे छातीवर हात बांधून बसला होता. कोपऱ्यातल्या बाकावर चष्मेवाले आणि त्यांच्या पत्नी होत्या. सामानाची गाडी बाहेर रस्ता अडवून उभी होती आणि तिच्यावरून मागचे लोक भोंगे वाजवत होते.

दादाचे म्हणणे सरळ होते. चष्मेवाल्यांचा व्यवहार त्याने स्वतः केला, कागदावर, सह्या घेऊन, वडिलांपासून चालत आले तसा. मग सूनबाईला सांगितले, त्या घराचे झाले. त्यापुढे मशीनवर तिने काय गोंधळ घातला ते तिला ठाऊक. हिने कुलपे बदलली, फोटो लावले, जगातल्या कुणालाही आपली घरे पलंगावर लोळत बघायची सोय केली. मग हे व्हायचेच होते.

“तू मशीनवर काही करतोस?”

“मी? मी कशाला हात लावू? माझं काम तोंडानं चालतं.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कचेरीच्या पाटीवर जो नंबर होता तो याच फोनचा. तो दादाच्या सदऱ्याच्या खिशात असे, जेवतानासुद्धा. कुणी दुसऱ्याने उचलला तर गिऱ्हाईक बिघडते, असे त्याचे मत होते. दादाने हाताने बहिणीला थांबवले आणि त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. घर उत्तम आहे, उजेड आहे, पण काय आहे, दुसरी पार्टी तयार आहे, बँकेतली माणसं, बदलून आलीत, नवरा-बायको दोघंच, तेव्हा बघा बुवा, आज कळवलंत तर मी त्यांना थोपवतो. आत्या खिडकीबाहेरच्या गाडीकडे बघत थांबून राहिली. या दुकानात बसायचे म्हणजे हे ऐकावेच लागे.

मग तिने सूनबाईला विचारले, की दादांनी घराचे झाले म्हणून सांगितल्यावर तू नेमके काय केलेस.

“मशीन उघडलं. त्या घरावर एकच मागणी नोंदलेली होती. मला वाटलं, दादा म्हणतात ती हीच. म्हणून ‘मंजूर’ दाबलं. दाबलं, की कुलपाचा आकडा आपोआप त्या माणसाच्या फोनवर जातो.”

“आणि ती मागणी चष्मेवाल्यांची नव्हती.”

“नव्हती. यांची कुणी मशीनवर घेतलीच नव्हती. दुसऱ्याच कुणाची तरी होती. ज्या दिवशी ती नोंदली त्या दिवशी मी बाहेर फोटो काढत होते. कचेरीत बाकीचे तिघं होते.”

म्हणजे शेवटचे बटण सूनबाईने दाबले होते, पण भलत्या माणसाला रांगेत उभे करणारा दुसराच होता. आत्याने बाकीच्या तिघांकडे पाहिले. दादा पुन्हा छातीवर हात बांधून बसला होता. भाचा आपला फोन पालथा घालत होता. आणि चावीवाले काका, आपण नसल्यासारखे, दाराकडे सरकत होते.

“काका, बसा जरा,” आत्या म्हणाली.

काका घाईने वळले. त्यांच्या खिशातून काहीतरी टणटणत फरशीवर पडले आणि घरंगळत आत्याच्या पायाशी आले. ते बॅटरीचे सेल होते, आकड्यांच्या कुलपात असतात तसले.

३

आत्याने काकांना मागच्या बाजूला, माठ आणि जुन्या पाट्या ठेवलेल्या बोळात नेले. त्यांना फार विचारावे लागले नाही. उन्हाळ्यात बर्फाला पाणी सुटावे तसे ते सुटले.

उभे आयुष्य किल्ल्या सांभाळण्यात गेले. कोणती किल्ली कुठल्या घराची, हे ते अंधारात हाताने ओळखत. मग सूनबाईने एक दिवस सगळ्या किल्ल्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, काका, आता तुम्हाला धावपळ नको. धावपळ नको म्हणजे काय ते काकांना बरोबर कळले. तेव्हापासून ते अधूनमधून एखाद्या कुलपातले सेल काढून आणत. मग कुलूप मुके होई, गिऱ्हाईक दारात ताटकळे आणि फोन येई, की काकांना पाठवा, त्यांच्याकडे जुनी किल्ली असेल.

“आणि तुम्ही ऐटीत जाता.”

“ऐटीत नाही,” काका खाली बघत म्हणाले. “रिक्षानं जातो.”

आत्याला रागवावे की नाही ते कळेना. पण या घराच्या कुलपातले सेल शाबूत होते. बाई आत गेली ती कुलूप चालले म्हणूनच. ज्याला जगाला दाखवायचे आहे, की ही कुलपे कुचकामी आहेत, तो कुलूप इतके इमानदारीने चालू देणार नाही. आणि मशीनवर मागणी नोंदायची तर तिथे बसून टाइप करायला हवे. काका त्या खुर्चीवर बसायलाही तयार नसत, ती फिरते म्हणून. काका नव्हेत. आत्याने सेल त्यांच्या हातावर ठेवले आणि आजच्या आज जिथले तिथे नेऊन घाला, असे सांगितले.

मग भाचा. तो सूनबाईचा नवरा आणि दादाचा मुलगा, आणि या दोन नोकऱ्या एकाच वेळी करणे त्याला जमत नसे. त्याने फोन पालथा का घातला, हे विचारल्यावर तो आधी चिडला. चिडला म्हणजे आतून खरा आहे, असा आत्याचा जुना हिशेब. बनवाबनवी करणारे चिडत नाहीत, तपशील देतात.

एक मोठी कंपनी होती. सगळा धंदा इंटरनेटवरच, दुकान नाही, पाटी नाही. तिला ही कचेरी हवी होती, नावासकट. भाचा त्यांच्याशी गुपचूप बोलत होता. दादांना सांगितले तर ते जेवण टाकतील, बायकोला सांगितले तर ती तोंड फिरवील. बरे, ती कंपनी नेमके हेच बघत होती, की यांची वेबसाइट चोख चालते का. काल रात्री तिने भरभरून कौतुक कळवले होते. आज सकाळी एका घरावर दोन भाडेकरू.

“मीच माझ्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ, आत्या?”

ते खरेच होते. सौदा ठरत असताना मालाला भोक पाडणारा विक्रेता आत्याने अजून पाहिला नव्हता. भाचाही नव्हे.

उरले दोघे. सूनबाई आणि दादा. सूनबाईला स्वतःची वेबसाइट बुडवायचे कारण नव्हते आणि दादा मशीनला हात लावत नव्हता. म्हणजे कुणीच उरले नाही. आत्या बोळातल्या पाटीवर बसली. तिच्या डोळ्यांतून औषधाचे पाणी गळत होते आणि बाहेर भोंगे वाजत होते.

आत जाऊन पाहते तो सूनबाई आपल्या टेबलाचा खण रिकामा करत होती. दादाने तिला तसे सांगितले नव्हते. थांबवलेही नव्हते.

आत्याने चपला घातल्या आणि त्या घराकडे निघाली.

४

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने दार उघडले ते पुरते नव्हे, फटीपुरते.

“पोलीस असाल तर वडील झोपलेत.”

“मी मालकाची बहीण आहे. आणि मला कुठेतरी टेकायला हवं.”

बाईने तिला आत घेतले. खोलीत उघडलेली खोकी होती. म्हातारे गृहस्थ झोपलेले नव्हते. ते पाहुणीला रेडिओवरच्या बातम्या तोंडी सांगायला लागले. आत्या एका खोक्यावर बसली आणि आपण विमा कंपनीत असल्यासारखी पुन्हा पहिल्यापासून विचारू लागली.

बाईची हकीकत अशी. तिची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. एकटी बाई, वेळी-अवेळी येणार जाणार, बरोबर आजारी वडील. घर दाखवणारे सगळे तिला गोड बोलत आणि फोन ठेवत. तिने एका दुपारी या कचेरीलाही फोन केला होता. कुणीतरी उचलला. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत त्याने सांगितले, की घर नाही.

“आणि मग?”

“मग थोड्याच वेळात तुमच्या वेबसाइटचा निरोप आला. नमस्कार साहेब, आपली मागणी नोंदवली आहे. मी म्हटलं, बघू. नंतर काही दिवसांनी आला, अभिनंदन साहेब, घर आपलं झालं.”

“तुम्ही वेबसाइटवर काही भरलं होतं?”

“मला वेळ कुठाय? एका हातात स्टिअरिंग असतं.”

“मग तुम्हाला शंका नाही आली? माणूस नाही म्हणतो, मशीन हो म्हणतं, वर तुम्हाला साहेब म्हणतं.”

बाई हसली नाही. तिने खोक्यातून एक पेला काढला, पुसला आणि ठेवायला जागा शोधू लागली.

“मला वाटलं, वेबसाइट त्या माणसाच्या वरच्या हुद्द्यावर असेल. आणि साहेब म्हणाली तर म्हणू दे की. आजवर घर मागताना मला काय काय म्हणालेत ते तुम्हाला सांगत नाही. वडिलांना गाडीत झोपवून ड्यूटी केलीय मी. दार उघडलं, आत आले. तुम्ही काय केलं असतंत?”

आत्याने विचार केला आणि खरे उत्तर स्वतःजवळच ठेवले. मग तिने विचारले, की त्या दुपारी तुम्ही फोन कोणत्या नंबरवर केला होता.

बाईने आपल्या फोनवर तो काढून दाखवला.

आत्याने डोळे पुसून तो आकडा वाचला, आणि मग पुन्हा वाचला. हा आकडा तिला पाठ होता. त्याच्यावरच तर आज सकाळी तिचा सख्खा भाऊ नाक कापल्याचे सांगत होता.

५

“सगळ्यांनी बसा,” आत्या कचेरीत येऊन म्हणाली. “काका, तुम्ही फिरत्या खुर्चीवर बसलात तरी चालेल, आज काही होणार नाही. सूनबाई, ती जी मागणी नोंदलीय ती पडद्यावर काढ. मी सांगीन तेव्हाच वाच.”

सूनबाईची पिशवी भरलेली होती. ती तशीच खांद्याला ठेवून मशीनपाशी बसली.

आत्याने भावाकडे न बघता चष्मेवाल्यांच्या पत्नीला विचारले, की तुम्ही हे घर घ्यायचे कसे ठरवलेत. त्या बाई दिवसभर गप्प होत्या. आता बोलायला लागल्या तेव्हा नवऱ्याने कोपराने ढोसलेलेही त्यांना कळले नाही. त्यांना खरे तर हे घर आवडलेच नव्हते. त्यांना गच्ची असलेले दुसरे हवे होते, याच कचेरीतले. विचार करायला एक दिवस द्या म्हटले, तर दादा म्हणाले, दिवस कुठला, दुसरी पार्टी तयार आहे.

“मी म्हटलं, वेबसाइटवर तर तसं काही दिसत नाही. दुसरी मागणी असली तर तिथे पट्टी येते ना. हे म्हणाले, येईल. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर खरंच आली होती. मग आम्ही घाबरून सह्या केल्या.”

“अरे,” आत्या भावाला म्हणाली, “ती दुसरी पार्टी कोण होती रे?”

“होती एक,” दादा म्हणाला.

“सांग की. यांना सांगितलंस तसं सांग.”

दादाने खाकरून घसा साफ केला. हे त्याला पाठ होते, झोपेतून उठवले तरी म्हणाला असता.

“साहेब आहेत, बँकेतले.”

“सूनबाई, आता वाच,” आत्या म्हणाली.

“नाव, साहेब,” सूनबाईने वाचले. “नोकरी, बँक.”

“बदलून आलेत,” दादा म्हणाला, जरा सावकाश.

“शेरा, बदलून आले आहेत.”

“नवरा-बायको दोघंच...”

“नवरा-बायको दोघेच. मूलबाळ नाही. माणसे शांत. घरात कुत्रं नाही, वाजवणं नाही.” सूनबाईने मान वळवून सासऱ्याकडे पाहिले. “दादा?”

बाहेरचे भोंगे नेमके त्या वेळी थांबले होते.

“हा साहेब माझ्या लग्नाच्या आधीपासून बदलून येतोय,” आत्या म्हणाली. “बाबांच्या वेळी पण होता. तेव्हा तो पोस्टात होता, तू त्याला बँकेत लावलंस. त्याला घर कधी मिळालं नाही, कारण तो कधी नव्हताच. मला सकाळीच कळायला हवं होतं, पण तुझं बोलणं ऐकायचं मी फार पूर्वीच सोडून दिलंय.”

दादाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काहीतरी आठवू लागले. त्याने मशीनकडे, मग आपल्या उजव्या हाताच्या एका बोटाकडे पाहिले.

“मशीनला हात लावत नाही म्हणालास ना?” आत्या म्हणाली.

“पण ते... ते काय खरं गिऱ्हाईक होतं?” दादा म्हणाला. “ते मी धरलंच नाही. नुसती पट्टी यावी म्हणून केलं. यांनी विचारलं म्हणून.”

तो खोटे बोलत नव्हता. सकाळपासूनही खोटे बोलला नव्हता. आत्याला याचाच जास्त वैताग आला. गिऱ्हाइकाला दुसऱ्या पार्टीची भीती घालणे हे त्याच्या लेखी काही करणे नव्हतेच, ते श्वास घेण्यासारखे होते. पण मशीनने नाव मागितले, नोकरी मागितली, माणसे किती ते विचारले, आणि मग फोन नंबर मागितला. नंबराशिवाय ते पुढे सरकेना. साहेबांना नंबर कुठला? तेव्हा दादाने खिशातला फोन काढला आणि ज्याचा फोन सगळ्यात शेवटी येऊन गेला होता, त्याचा नंबर एका बोटाने भरून टाकला. तो होता थोड्या वेळापूर्वी घर नाही म्हणून वाटेला लावलेल्या बाईचा.

“तू लोकांना थाप मारलीस तर लोक घाबरतात, ठरवतात, विसरतात,” आत्या म्हणाली. “हे यंत्र आहे. त्याला थाप कळत नाही. त्यानं तुझ्या साहेबाला खरा मानला आणि त्याचं सगळं नीट केलं. निरोप पाठवला, अभिनंदन केलं, घर दिलं, कुलपाचा आकडा दिला. तुझ्या या धंद्यात इतक्या वर्षांत त्या साहेबाशी कुणी इतकं चांगलं वागलं नसेल.”

भाचा हसला आणि लगेच खोकला.

“मग आता?” चष्मेवाले गृहस्थ उठून उभे राहिले. “आमची गाडी सकाळपासून उभी आहे.”

“गच्चीचं घर रिकामं आहे?” आत्याने विचारले.

“आहे,” काका म्हणाले. “आणि त्याचं कुलूप चालू आहे. मी आत्ताच... म्हणजे, चालू आहे.”

चष्मेवाल्यांच्या पत्नी नवऱ्याच्या आधी दाराबाहेर पडल्या. नवरा मात्र जाताना दादाला बरेच काही ऐकवून गेला, आणि ते सगळे त्याला ऐकून घ्यावे लागले. ॲम्ब्युलन्सवाली बाई होती तिथेच राहील, असे आत्याने जाहीर केले. तिच्याकडे मंजुरी आहे, कचेरीची, रीतसर.

६

गाडी गेली, रस्ता मोकळा झाला, आणि आता सगळे संपले असे समजून दादा खुर्चीत सैल झाला. झाले ते झाले, म्हणाला. सूनबाई, पिशवी ठेव, कामाला लागा.

सूनबाईने पिशवी ठेवली नाही. ती दाराशी गेली. आत्याने तिला कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकले नव्हते आणि आताही ऐकले नाही.

“दादा, सकाळपासून मी विचार करत होते, माझ्या हातून चुकलं कुठे. रात्र रात्र जागून जे जे भरलं होतं ते परत तपासलं. प्रत्येक घराची खोली मी स्वतः मोजते, खिडकी कुठल्या दिशेला ते बघते, मग लिहिते. लोक ते खरं मानून येतात. आणि त्याच मशीनवर तुमचा साहेब. तुम्ही मला घरी बसवणार होतात, त्यानं केलं म्हणून.”

“मला काय माहीत, की...”

“मी येईन. पण तो साहेब या कचेरीत असला, तर मी नाही. मशीनवर नाही आणि फोनवरपण नाही.”

भाच्याने बायकोकडे असे पाहिले, जणू तिला पहिल्यांदाच बघतो आहे. मग त्याने पालथा घातलेला फोन सरळ केला, काहीतरी टाइप केले आणि खिशात टाकला. मोठ्या कंपनीला काय कळवले ते त्याने सांगितले नाही.

दादा बहिणीकडे वळला. धंद्यात असे चालते का, एवढे तरी तिने सांगावे, अशी त्याची अपेक्षा होती. दुसरी पार्टी नसेल तर लोक ठरवतील कसे? सावकाश, आत्या म्हणाली. सावकाश ठरवतील आणि मग कुरकुर न करता राहतील. दादाला हे पटल्याचे दिसले नाही.

त्यावर तो आणखी काही बोलणार, तोच खिशातला फोन वाजला.

त्याने तो कानाला लावला. आवाज सवयीने लोण्यासारखा झाला. हो बाई, ते वळणावरचं घर, उत्तम आहे, उजेड आहे, पण काय आहे, लवकर ठरवलंत तर बरं, कारण...

तो थांबला. दारात सूनबाई पिशवी खांद्याला लावून उभी होती. दादाच्या कपाळावर घाम आला. एवढे वजन उचलताना आत्याने त्याला आयुष्यात पाहिले नव्हते.

“नाही,” तो म्हणाला. “दुसरं कुणी नाहीये. हो. कुणीच नाही. तुम्ही एकट्याच.”

पलीकडची बाई काहीतरी बोलली. दादाचा चेहरा पडला. त्याने फोनवर तळहात ठेवला आणि दबक्या आवाजात, कळवळून म्हणाला, “ती विचारतेय, कुणी घेत नाही म्हणजे त्या घरात काय वाईट आहे.”

आत्याने छताकडे पाहिले.

“काय वाईट आहे?” सूनबाईने विचारले.

“न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते,” दादा म्हणाला. “पण हे मी तिला कसं सांगू?”

सूनबाई आत आली आणि तिने हात पुढे केला. दादाने फोनकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि तो तिच्या हातावर ठेवला.

“नमस्कार,” ती म्हणाली. “न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे. ती आम्ही काढून देणार आहोत. बाकी घर कोरडं आहे, स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं. बघायला कधी येता?”

“काढून देणार आहोत?” दादाने बहिणीला विचारले.

“हो,” आत्या म्हणाली. “ती म्हणाली म्हणजे तू देणार आहेस. आता गप्प बस, पलीकडून काय म्हणतात ते तिला ऐकू दे.”

सूनबाईने पायाने खुर्ची ओढली आणि ऐकता ऐकता बसली.